खुनी सोडून बाकीचे

रहस्यपट दुसऱ्यांदा बघायला बसलेल्या माणसाकडे घरातली माणसं जरा काळजीनं बघतात. "अरे, पण खुनी कोण ते तुला ठाऊक आहे ना?" असं विचारताना त्यांच्या आवाजात, हा आता रक्तदाबाची गोळीही दोनदा घेऊ लागेल की काय, अशी शंका असते. कीर्तनाला निघालेल्याला मात्र कोणी अडवून विचारत नाही, की बाबा रे, सीता सापडते हे माहीत असताना जातोस कशाला? रहस्यपटाची किंमत म्हणे शेवटच्या दहा मिनिटांत असते. ती वसूल झाली की तिकिटाचा तुकडा आणि सिनेमा दोन्ही फेकून द्यायचे. मला हे कधी पटलेलं नाही. पहिल्यांदा बघताना आपण सिनेमा बघतच नसतो, फौजदारकी करत असतो. कोणी खिडकीचा पडदा सारला की त्याच्यावर डोळा, कोणी पाण्याचा पेला पुढे केला की त्याच्यावर डोळा. नटानं जीव ओतून उसासा टाकावा आणि आपण तो पुरावा म्हणून नोंदवून घ्यावा! रहस्य एकदा फुटलं, की ही सगळी संशयित मंडळी जामिनावर सुटतात आणि त्यांचे चेहरे पहिल्यांदाच नीट दिसायला लागतात.

परवा 'गुमनाम' पुन्हा पाहिला तो असा, सगळ्यांना जामीन देऊन. १९६५ सालचा हा रंगीत सिनेमा. निर्माते एन. एन. सिप्पी आणि दिग्दर्शक आपले राजा नवाथे. नवाथे हे राज कपूरच्या तालमीतले, मुळात हळव्या प्रकृतीचे गृहस्थ. 'आह'मधला क्षयानं खंगणारा, प्रेयसीनं आपल्याला विसरावं म्हणून झुरणारा नायक त्यांनी पडद्यावर आणला, 'बसंत बहार'मध्ये सुरांच्या मागे वेडा झालेला गवई आणला. अशा माणसाच्या हाती सिप्पींनी एकामागून एक माणसं मरतात अशी गोष्ट ठेवली. गोष्ट म्हणजे ॲगाथा ख्रिस्तीबाईंच्या १९३९ सालच्या कादंबरीची दूरची भाची. गंमत अशी, की 'गुमनाम' आला त्याच वर्षी इंग्रजांनीही त्या कादंबरीवर एक सिनेमा काढला. त्यांनी पाहुण्यांना बर्फाळ डोंगरावरच्या वाड्यात कोंडलं. आपण त्यांना समुद्रकिनारी नेलं, गाणी दिली आणि जेवायला वाढायला मेहमूद दिला. मरायचंच असेल तर कुठे मरावं, याबद्दल माझ्या मनात तरी संदेह नाही.

कथेची सुरुवातच मराठी मध्यमवर्गाला न मानवणारी आहे. एका क्लबात नाचगाणं चालू असताना सोडत निघते आणि सात जणांना फुकटात परदेशवारी मिळते. सातांपैकी एकही जण विचारत नाही, की यात आम्हाला काही भरावं लागेल का. आमच्या घरी अशी सोडत लागली असती तर वडिलांनी बारीक अक्षरातल्या अटी भिंग लावून वाचल्या असत्या, आणि विमान आमच्याविनाच उडालं असतं. ही मंडळी मात्र हसत हसत चढतात. वाटेत विमान बिघाडाचं निमित्त होऊन एका अनोळखी किनाऱ्यावर उतरतं, आणि सगळे खाली उतरून पाय मोकळे करतायत तोवर ते पुन्हा उडून जातं. मागे उरतात हे सात आणि विमानातला एक कर्मचारी, म्हणजे मनोजकुमार. मग एक ओसाड वाडा, आणि त्या वाड्यात यांची वाटच पाहत असलेला बटलर.

हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो दूरदर्शनवर, रविवारच्या संध्याकाळी, ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या बाहेरच्या खोलीत. त्या काळच्या टीव्हीला एक दैवी सवय होती. सिनेमा रंगात आला की मध्येच बातम्या लागायच्या. चित्रपटगृहातलं मध्यंतर हे वडे खाण्यासाठी असतं. बातम्यांचं मध्यंतर हे न्यायदानासाठी असे. बाहेर कुठल्या तरी मंत्र्यांनी कुठल्या तरी धरणाची पाहणी केल्याचं निवेदिका सांगत असायची आणि आत खोलीत खुनी ठरत असायचा. वरच्या मजल्यावरचे काका प्राणवर ठाम होते. त्यांचा युक्तिवाद सरळ होता: प्राण असताना दुसऱ्या कोणी खून करायचं कारणच काय? माझी आजी मात्र या वादात कधी पडली नाही. तिची चिंता निराळी होती. त्या बेटावर तिच्या मते दोन माणसं 'आपली' होती. एक धुमाळ आणि दुसरी नंदा, म्हणजे मास्टर विनायकांची पोर. बाकीच्यांचं काय व्हायचं ते होवो. या दोघांना सुखरूप घरी आणायची जबाबदारी आपली आहे अशा थाटात ती पुढे सरकून बसे. आणि एक खून होऊन रात्र सरते न सरते तोच सकाळी कोणी गायला लागलं, की ती खरोखर दुखावायची. "अरे, निदान तिसरा दिवस तरी होऊ द्या," असं ती पडद्याला उद्देशून म्हणाली होती, ते मला अजून ऐकू येतं.

आजीचा आक्षेप वाजवी होता. या सिनेमात सुतक कोणी पाळत नाही. एक गडी गारद होतो, उरलेले एकमेकांकडे वळून वळून बघतात, ढगांचा गडगडाट झाल्यासारखं संगीत वाजतं, आणि लगेच कोणाला तरी प्रेम सुचतं, कोणाला पोहायला जावंसं वाटतं. पूर्वी मला हे दिग्दर्शकाचं ढिसाळपण वाटे. आता तसं वाटत नाही. आता वाटतं, की माणसाच्या वागण्याचं याहून प्रामाणिक चित्र एखाद्या गंभीर सिनेमानंही काढलं नसेल. आपणही काही वेगळे नाही. स्मशानातून परतताना पहिला चहा कुठे चांगला मिळेल याची चर्चा मी अनेकदा ऐकली आहे, तीत भागही घेतला आहे.

शिवाय वाड्यात भूत आहे, निदान असल्याचा सुगावा आहे. हिंदी सिनेमातलं भूत कधी बेसूर असत नाही. १९४९च्या 'महल'पासून ही परंपरा पडली, की अतृप्त आत्म्यानं पांढरी साडी नेसायची आणि लताबाईंच्या आवाजात गायचं. 'बीस साल बाद' झाला, 'वो कौन थी?' झाला. या दोन्हींचे लेखक ध्रुव चॅटर्जी हेच 'गुमनाम'चेही लेखक, त्यामुळे बाईसाहेब इथेही नेमानं हजर. फरक इतकाच, की ते दोन सिनेमे काळ्या-पांढऱ्या रंगात होते आणि तिथे अंधार फुकट मिळायचा. इथे सगळं रंगीत. रंगीत सिनेमात धुकंसुद्धा इस्त्री करून आणल्यासारखं दिसतं. तरी त्या गाण्याची चाल सुरू झाली की मानेवरचे केस अजून उभे राहतात. शंकर-जयकिशन यांनी ती चाल बेतताना हेन्री मॅन्सिनीच्या 'शराड'ची धून शेजारी ठेवली होती हे उघड आहे. पण समुद्र ओलांडून आलेल्या त्या धुनेला लताबाईंनी असं काही कुंकू लावलं आहे, की तिचं माहेर विचारावंसं वाटत नाही.

आता नटमंडळींकडे येतो, कारण खरी अदलाबदल तिथेच झाली आहे. ज्यांना घाबरवण्यासाठी घेतलं होतं ते आता हसू आणतात, आणि ज्यांना हसवण्यासाठी घेतलं होतं त्यांच्याकडे बघताना घशाशी काही तरी येतं. मनोजकुमारचंच घ्या. हा माणूस त्याच वर्षी 'शहीद'मध्ये भगतसिंग होऊन गेला, तेव्हा त्याला अभिनय येत नव्हता असं म्हणायची सोय नाही. पण इथे त्याच्या चेहऱ्यावर संशय आणि अनुराग या दोन भावांसाठी मिळून एकच खोली दिलेली आहे. तो प्रेमात आहे की तपासात, हे ओळखायला पार्श्वसंगीताची मदत लागते. नंदाकडे तो ज्या नजरेनं बघतो त्याच नजरेनं प्रेताकडेही बघतो. लहानपणी मला ही नजर फार गूढ वाटायची. आज ती बघताना, बँकेच्या खिडकीपाशी सही जुळते का हे बघणारे कारकून आठवतात. त्यात रागावण्यासारखं काही नाही. देखणेपणाचं ओझं सांभाळत जो माणूस अडीच तास गंभीर राहतो, त्याला आदरच द्यावा.

प्राणची गोष्ट वेगळी. बॅरिस्टर राकेश म्हणून तो पडद्यावर येतो तेव्हाच वरच्या मजल्यावरचे काका उठून निकाल देऊन मोकळे होतात, आणि प्राणला ते पक्कं ठाऊक असतं. तो खुनी आहे की नाही हे मी सांगणार नाही. साठ वर्षं झाली म्हणून काय झालं, काही मुदती संपत नसतात. पण तो जे करतो ते बघण्यासारखं आहे. तो नुसता सिगरेट पेटवतो. आपण दचकतो. तो काडी विझवतो. आपण पुन्हा दचकतो. पंधरा-वीस वर्षं दुष्टपणा करून जमवलेली ही सगळी बदनामी तो इथे व्याजावर खातो आहे, मुद्दलाला हात न लावता. ज्या देशात त्याच्या धाकानं लोकांनी पोरांची नावं प्राण ठेवायचं सोडलं, त्या देशात त्याला भुवई उचलण्यापलीकडे कष्ट करायची गरजच नव्हती.

नंदाच्या वाट्याला मात्र किंकाळ्या आल्या. दार उघडलं की किंकाळी, कपाट उघडलं की किंकाळी. 'ब्रह्मचारी'त सगळ्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या विनायकांची ही मुलगी. वडील गेले तेव्हा ती लहान होती, आणि बेबी नंदा म्हणून कॅमेऱ्यापुढे उभी राहिली तेव्हाही लहानच. १९५९च्या 'छोटी बहन'नंतर तर अख्ख्या देशानं तिला धाकट्या बहिणीच्या पाटावर बसवलं आणि उठू दिलं नाही. अशा बाईवर संशय कोण घेणार? रहस्यपटात हा एक तोटाच. पण एक जागा अशी आहे, की जिथे ती पाट सोडून उठते. ती आणि हेलन दोघी पिऊन झुलत एक गाणं म्हणतात. आवाज आशाबाई आणि उषाबाई, या दोन सख्ख्या बहिणींचे. नंदाचं ते झुलणं अजिबात सराईत नाही. भातुकलीत दारू पिण्याचा खेळ निघाला तर शहाणी मुलगी जशी झुलेल तशी ती झुलते, मधूनच आपण फार तर करत नाही ना, असं बघितल्यासारखं करते. पूर्वी मला हे कच्चं वाटे. आता वाटतं, त्या चार मिनिटांत ती कोणाचीच बहीण नाही आणि याचा तिला स्वतःलाच थोडा अचंबा वाटतो आहे. पुढे चार वर्षांनी 'इत्तेफाक'मध्ये तिनं काय करून दाखवलं, त्याची पहिली चुणूक बहुधा इथेच असावी.

धुमाळांबद्दल मला एक तक्रार नोंदवायची आहे. मराठी रंगभूमीवरून गेलेला हा नट त्या काळी मेहमूद आणि शुभा खोटे यांच्याबरोबर एका अजब त्रिकोणाचा तिसरा कोन होता. 'ससुराल', 'जिद्दी', असे किती तरी सिनेमे. शुभाबाईंवर मेहमूदचं मन जडायचं आणि धुमाळ मध्ये तंगडी घालायचे. त्या तंगडीवर अर्धा सिनेमा तरायचा. इथे शुभाबाईच नाहीत, त्यामुळे तंगडी घालायची कुठे? मेहमूद एका टोकाला, धुमाळ दुसऱ्या. दोघे एका चौकटीत आले की मला सारखं वाटत राहतं, की आता जुनी ओळख निघेल, आता एक चिमटा बसेल. तो बसत नाही. सिनेमाला खून आटपायची घाई असते.

हेलन इथे किटी केली नावाची बाई आहे. हातात पेला, ओठांवर हसू आणि वागण्यात बेफिकिरी. हिंदी सिनेमात असं नाव आणि असा पेला असलेल्या बाईचं पुढे काय व्हायचं, हे जुन्या प्रेक्षकांना सांगायला नको. पण समुद्रकाठच्या त्या गाण्यात ती जे करते त्याला बेफिकिरी म्हणणं आता मला जमत नाही. भोवती माणसं मरतायत, आणि ही बाई, दुःख बाजूला ठेवा नि जगून घ्या असं सांगत वाळूवर नाचते. आवाज लताबाईंचा, तेही नवलच. हेलनसाठी सहसा तो आवाज मागवत नसत. हे गाणं मी कितीदा तरी ऐकलं असेल, पण मग कधी तरी हेलनच्या लहानपणाबद्दल वाचलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातून आईबरोबर जंगलं तुडवत, उपाशीतापाशी, पायी आसामात पोचलेली पोर ती. त्या वाटेवर तिनं काय पाहिलं असेल ते असो. पण मरण शेजारी असताना नाचायचं कसं, हे तिला कुठल्या नृत्यदिग्दर्शकानं शिकवलं असेल असं वाटत नाही. त्या वर्षीच्या 'फिल्मफेअर'च्या सहायक भूमिकांच्या नामांकनांत ती होती, मेहमूदही होता. नायक-नायिकेला कोणी विचारलं नाही. परीक्षकही सिनेमा दुसऱ्यांदा बघत असावेत.

आणि मेहमूद. १९६५ हे वर्ष त्यानं झपाटलेल्या घरांतच काढलं म्हणायला हरकत नाही; स्वतःच्या दिग्दर्शनातला पहिला सिनेमा 'भूत बंगला' त्यानं याच वर्षी काढला. इथे तो लुंगी आणि बनियनमध्ये, नाकाखाली चिमूटभर मिशी, तोंडात हैदराबादी दख्खनी. ही बोली ऐकून मुंबईकर हसत असतील. नांदेड-परभणीकडच्या माणसाला ती शेजारची वाटते. आमचे एक नातेवाईक तिकडचे. त्यांच्या मते मेहमूद हे सोंग थोडं जास्तच घोळवतो. मला तेही मान्य आहे. पण शब्द जिथे जास्त होतात तिथे त्याचे डोळे कमी करतात. बोलून झाल्यावर क्षणभर तो गप्प राहतो ना, तिथे बघावं. सगळे पाहुणे भीतीनं अर्धे झालेले असतात आणि हा मात्र आपल्याला इथे शेवटी कोणी तरी बोलायला मिळालं म्हणून मनातून खूश असतो. लोकांच्या तोंडी आजही तो नुसता 'बटलर' आहे. बाकीच्यांना निदान मरायला तरी नावं आहेत.

मला या बटलरबद्दल एक प्रश्न नेहमी पडतो. स्वयंपाक करणाऱ्याला रोज सकाळी एक हिशेब मांडावा लागतो: आज पानं किती? आठ माणसं आली म्हणून पहिल्या दिवशी त्यानं त्या बेतानं तांदूळ घेतला असेल. दुसऱ्या दिवशी सात. मग पुढे? रात्रीच्या जेवणाला बसताना एक खुर्ची रिकामी दिसली, की खुनी कोण हे शोधायला नायक धावतो. पण उरलेल्या भाताचं काय करायचं हा विचार त्या वाड्यात एकट्या बटलरलाच पडलेला असणार. माणूस गेल्याचं दुःख पहिल्यांदा ताटांच्या संख्येत कळतं, हे घराघरांतल्या बायकांना चांगलं ठाऊक आहे. सिनेमात हा प्रसंग नाही. मी तो दर वेळी मनात घालतो.

मग ते स्वप्न येतं. बटलर हेलनवर जीव टाकतो आणि आपल्या काळ्या रंगाची बाजू मांडत रफीच्या आवाजात गातो. लुंगी जाते, सूट येतो, हेलन त्याच्याबरोबर नाचते. त्या गाण्यावर आम्ही लहानपणी फार हसलो. माझा एक आत्येभाऊ रंगानं सावळ्याच्याही पलीकडचा होता. वरातीत बँडवाल्यांनी ही चाल धरली की सगळी भावंडं त्याला ओढून मध्ये ढकलायची. तो नाचायचाही, आणि असा नाचायचा की बँडवाले चाल बदलायला तयार नसायचे. पुढे त्याच्या स्वतःच्या लग्नात त्यानंच बँडवाल्याला पैसे देऊन ते गाणं पहिलं लावायला सांगितलं. आमच्यातल्या कोणालाही त्याला ढकलायची गरज राहिली नाही, आणि आम्ही सगळे जरा बावळटासारखे कडेला उभे राहिलो. आज ते गाणं बघताना विनोद कोणावर आहे ते मला नीट दिसतं, आणि तो विनोद मला आवडत नाही. पण मेहमूद आवडतो. तो स्वप्नातसुद्धा गोरा होऊन येत नाही. सूट चढवतो, बूट चढवतो, पण रंग तोच ठेवून हेलनसमोर उभा राहतो. पटकथेनं त्याला हसं होण्यासाठी पाठवलं होतं. तो स्वतःच्या जबाबदारीवर थोडा वेळ नायक होऊन परत स्वयंपाकघरात गेला.

माझी भाची अमेरिकेत असते. तिला हा सिनेमा उलट्या दारानं सापडला. तिकडच्या 'घोस्ट वर्ल्ड' नावाच्या २००१ सालच्या सिनेमाची सुरुवातच 'गुमनाम'मधल्या क्लबच्या गाण्यानं होते: टेड लायन्सचा वाद्यवृंद, डोळ्यांवर मुखवटे घातलेली नाचणारी मंडळी, आणि मानेला काही हाडंच नसावीत अशी नाचणारी लक्ष्मी छाया. खोलीत टीव्हीवर ते बघत एक अमेरिकन मुलगी त्या तालावर वेडीवाकडी नाचते. ज्या गाण्याचा खुनाशी सुताइतकाही संबंध नाही, त्याच गाण्यानं या सिनेमाला सातासमुद्रापार नेलं. भाचीनं मग शोधून अख्खा 'गुमनाम' पाहिला आणि मला फोन केला. मी लगेच सावरून बसलो. खुनी तुला कधी कळला, प्राणवर संशय आला का, असे प्रश्न तयार ठेवले होते. तिला त्यातलं काही विचारायचं नव्हतं.

"मामा," ती म्हणाली, "तिथे चिटपाखरू नाही, दुकान नाही, होडीसुद्धा नाही. मग हा बटलर इतक्या लोकांना रोज जेवायला घालतो, तर भाजी आणतो कुठून?"

नवाथ्यांनी याचं उत्तर दिलेलं नाही, ख्रिस्तीबाईंकडेही ते मिळायचं नाही. मी म्हटलं, समुद्र आहे, मासे असतील. ती म्हणाली, मासे ठीक आहेत, पण कोथिंबीर? मग आम्ही वाड्याच्या मागच्या बाजूला परसदार असण्याची शक्यता तपासू लागलो. खारी जमीन असल्यामुळे भेंडी येईल की नाही यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.